मी तिरळी नाही

मी एक जुनी दुर्बीण आहे, आणि मी तिरळी नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, मित्रांनो, कारण खाली माझ्याबद्दल बरंच काही बोललं जातं. कोणी म्हणतं मी डावीकडे बघते, कोणी म्हणतं उजवीकडे. एका वर्षी तर दोन्ही म्हणून झालं. आता समोर बघणाऱ्या बाईने करायचं तरी काय, तुम्हीच सांगा.

मी पृथ्वीवर राहत नाही, पृथ्वीभोवती फिरते. हाड मोडलं की दवाखान्यात ज्या क्ष-किरणांनी तुमचा फोटो काढतात, तसेच किरण आकाशातल्या काही ताऱ्यांमधूनही निघतात. पण तुमची हवा त्यांना खाली येऊच देत नाही. बरंच आहे ते, नाहीतर तुमचं काही खरं नव्हतं! म्हणून ते बघायला मला वर पाठवलं. तेव्हापासून मी फिरतेय आणि बघतेय. दुसरं काम मला येत नाही.

माझा जन्म एका पांढऱ्याशुभ्र खोलीत झाला. तिथली माणसं डोक्यापासून पायापर्यंत झाकलेली असत, फक्त डोळे तेवढे उघडे. आत पेन्सिल न्यायला बंदी होती, कारण लिहिताना तिची पूड उडते. शिंक आली तर माणूस दाराकडे धाव घ्यायचा. एवढे लाड मित्रांनो, कुठल्या तान्ह्या बाळाचे झाले नसतील.

माझे आरसे तुमच्या आरशांसारखे नाहीत. क्ष-किरण समोरून आरशावर आदळले तर आतच घुसून बसतात, परत फिरत नाहीत. तळ्याच्या पाण्यावर चपटा दगड तिरका फेकला की तो टप्पे खात पुढे जातो ना, तसे हे किरण अगदी तिरके आले तरच उसळतात. म्हणून माझे आरसे म्हणजे एकात एक बसवलेल्या नळकांड्या, आणि त्यांना आतून सोन्याचा मुलामा. हो, सोन्याचा. बघायला कोणी नाही, पण अंगावर सोनं आहे हे सांगायला मला आवडतं.

आता एक गंमत ऐका. मी बघते खरी, पण कुठे बघतेय ते माझं मला कळत नाही. नळकांडीतून बोटाएवढं आकाश दिसतं, त्यावरून दिशा कशी कळणार? म्हणून माझ्या कडेला एक छोटा कॅमेरा बसवला. तो नेहमीचे तारे बघतो, ते ओळखतो आणि खाली सांगतो की आपलं तोंड अमक्या दिशेला आहे. मी त्याला वाटाड्या म्हणते. तो आणि मी एका धातूच्या पट्टीने जोडलेले आहोत. तो म्हणेल तीच माझी दिशा, असा आमचा संसार.

ती पट्टी थोरलीने बसवली. थोरली म्हणजे आमच्या कामावरच्या दोन सख्ख्या बहिणींपैकी मोठी. तिचा हात इतका स्थिर की स्क्रू पिळताना श्वासही रोखून धरायची. धाकटी वरच्या मजल्यावर बसायची. मी वरून पाठवलेले उजेडाचे कण गोळा करून त्यांचं चित्र करायचं आणि कुठला ठिपका आकाशात नेमका कुठे आहे त्याचा पत्ता काढायचा, हे तिचं काम. मी वर गेल्यावर थोरली आदेश पाठवायच्या खोलीत आली. मला वळवायचं, थांबवायचं, झोपवायचं, सगळं तिच्या हातात. म्हणजे एका बहिणीने मला वळवायचं आणि दुसरीने मी काय पाहिलं ते सांगायचं. सगळ्या इमारतीत त्यांना थोरली आणि धाकटी असंच म्हणत, आणि साहेबही तसंच म्हणत. साहेब म्हणजे आमचे प्रमुख. स्वभावाने देवमाणूस, पण भांडणाला भयंकर घाबरणारे.

तुम्ही विचाराल, बाई, तू एवढ्या लांब, तुला खालच्या गप्पा कशा कळतात? तर मला एक जुळी बहीण आहे. माझ्याबरोबर माझ्यासारखीच अजून एक दुर्बीण बनवली होती. ती वर आली नाही. ती खाली चाचणीच्या खोलीत स्टँडवर बसलेली असते आणि मला पाठवायचा प्रत्येक आदेश आधी तिच्यावर करून बघतात. तिला मी खालची म्हणते. बिचारीने कधी एक तारा पाहिला नाही, पण कान मात्र तिखट. जुळ्यांचं जुळ्यांना कळतं, एवढं मानून घ्या. सगळं मलाही समजत नाही.

सुरुवातीची वर्षं काय सांगू! फुटलेल्या एका ताऱ्याची राख मी पहिल्यांदा टिपली, तेव्हा खाली टाळ्यांचा कडकडाट झाला. तो फोटो कॅलेंडरवर छापला. शाळेतली मुलं रांगेने यायची आणि खालचीसमोर उभी राहून फोटो काढून घ्यायची. ती आपली मान वर करून मिरवायची, जणू हीच वर जाऊन आलीय. मिरवू दे म्हटलं. तेवढंच तिला सुख.

मग एक नवी दुर्बीण वर गेली, माझ्याहून मोठी. कानामागून आली आणि तिखट झाली. माणसं तिच्याकडे वळली, आमच्या खोलीतल्या खुर्च्या रिकाम्या पडल्या. मला कोणी कॅलेंडरवर घेईना. माझं वय झालं होतं हे मला मान्य आहे, पण मी बघायची थांबले नव्हते.

आणि अशातच ते सुरू झालं.

एक दिवस खालचीने मला सांगितलं, "अगं, तू डावीकडे बघतेस म्हणे."

"म्हणजे कुठे?" मी विचारलं. इथे वर ना डावं ना उजवं, ना वर ना खाली. मी तर पृथ्वीभोवती गरागरा फिरते.

"ते मला नाही माहीत. पण तू दाखवतेस तिथे तारे नसतात. थोडे बाजूला असतात."

हे 'थोडे' म्हणजे किती? तर फुटबॉलच्या मैदानाच्या एका टोकाला उभं राहून दुसऱ्या टोकाला ठेवलेला मोहरीचा दाणा बघा. त्या दाण्याएवढा फरक. हसू येतं ना? मलाही आलं. पण आकाशात तेवढ्या फरकाने घरच चुकतं, शेजारच्याचं दार वाजतं.

मी वाटाड्याला विचारलं, "बाबा रे, तू खोटं बोलतोस का?" तो शपथेवर म्हणाला की मी बघतो तेच सांगतो. मग मी माझे आरसे तपासले. ते जागच्या जागी. मीही दिसतं तेच दाखवत होते. म्हणजे कोणीच खोटं बोलत नव्हतं, आणि तरी पत्ता चुकत होता! माझं डोकं चक्रावून गेलं. चोर सापडला तर त्याला धरता येतं, पण इथे सगळेच साव.

खाली मीटिंगमध्ये कोणीतरी म्हणालं की पट्टीत काहीतरी गडबड असेल. तर दुसरा लगेच म्हणाला, "नाचता येईना अंगण वाकडं! म्हातारी झाली ती, दुसरं काय." तेव्हापासून मला तिरळी म्हणायला लागले. मला फार लागलं ते, मित्रांनो. कारण या वेळी अंगण खरंच वाकडं होतं. माझी एक बाजू कायम उन्हात असते आणि दुसरी सावलीत. इतकी वर्षं ऊन खाऊन खाऊन ती पट्टी एका बाजूने जरा ताणली गेली होती. वाटाड्या आपल्या जागी सरळ, मी माझ्या जागी सरळ, पण मधली पट्टी वाकल्यामुळे आम्ही दोघं एकाच दिशेला सरळ नव्हतो.

बरं, ही चूक कशी, तर रोज तेवढीच आणि रोज त्याच बाजूला. अशी चूक खरं तर फार गुणी. कधी इकडे कधी तिकडे उड्या मारणारीला धरणार कसं? हिला सवय असते, आणि सवय कळली की तेवढं वजा करायचं, संपलं. साहेबांनाही ते कळत होतं. त्यांनी फक्त एवढंच म्हटलं, "बाहेर बोलू नका, झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि बघा काहीतरी."

'बघा काहीतरी' हे ते थोरलीला सकाळी म्हणाले आणि धाकटीला जेवणानंतर. वेगवेगळं का, ते आता सांगते.

त्या दोघींचा अबोला होता. त्यांची आई एकटी राहायची. एक दिवस ती न्हाणीघरात घसरून पडली. थोरलीने त्याच दिवशी तिला आपल्या घरी आणलं, जुन्या घराला कुलूप लावलं आणि आईच्या फुलझाडांच्या कुंड्या शेजाऱ्यांना देऊन टाकल्या. धाकटीला हे सगळं झाल्यावर कळलं. "मला विचारलंस का?" असं धाकटी म्हणाली. "विचारायला वेळ कुठे होता?" असं थोरली म्हणाली. एवढ्यावर दारं बंद. एकाच जिन्याने चढायच्या, एकीने डावा कठडा धरायचा, दुसरीने उजवा. आईला भेटायला धाकटी जायची ती थोरली कामावर असताना. आणि साहेब भांडणाला घाबरतात हे मी सांगितलंच. त्यांनी एका मीटिंगच्या दोन मीटिंग करून टाकल्या. सकाळची थोरलीची, दुपारची धाकटीची. त्यांना वाटलं, किती छान मार्ग काढला आपण.

थोरलीने काहीतरी बघितलं. पट्टी किती वाकलीय ते मोजलं, आधी खालचीवर करून पाहिलं आणि मला आदेश पाठवला की इथून पुढे वाटाड्या सांगेल त्यापेक्षा मोहरीएवढं उजवीकडे समजायचं. ताऱ्याचं कच्चं चित्र मागवलं, तारा बरोबर मधोमध. तिने समाधानाने मान हलवली.

धाकटीनेही काहीतरी बघितलं. जुनी चित्रं काढली, सगळे पत्ते डावीकडे सरकलेत हे ताडलं आणि आपल्या प्रोग्राममध्ये सांगून ठेवलं की प्रत्येक पत्ता मोहरीएवढा उजवीकडे सरकवायचा. जुन्या चित्रांवर चालवून पाहिलं, सगळे पत्ते अचूक. तिनेही समाधानाने मान हलवली.

दोघींनी काम चोख केलं. एकीने दुसरीला सांगितलं नाही, एवढंच. दोन बायकांनी एकाच भाजीत मीठ टाकलं. आणि मला काय कळणार? खालची म्हणाली, "आता तू उजवीकडे बघायला लागलीस वाटतं." मी म्हटलं, "अगं पण परवापर्यंत तर डावीकडे होते ना?" ती म्हणाली, "मला नको विचारूस, मी तर स्टँडवर आहे."

अशा वेळी नेमकं ते दिसलं.

मी ताऱ्यांच्या एका जुन्या घोळक्याकडे बघत होते. हा घोळका मी कितीतरी वेळा पाहिला होता. आणि त्याच्या कडेला, जिथे कधीच काही नव्हतं, तिथून उजेडाचे कण यायला लागले. आधी एक-दोन, मग पाऊस! काहीतरी पेटलं होतं. नवं, प्रखर आणि तरतरीत. मी इतकी वर्षं बघतेय, पण असं अचानक माझ्यासमोर कोणी जन्मलं नव्हतं. मला इतका आनंद झाला की ओरडावंसं वाटलं. पण ओरडायला हवा लागते, ती इथे नाही.

धाकटीने चित्रात तो ठिपका पाहिला आणि खुर्चीतून उठून उभी राहिली. पुन्हा पुन्हा तपासलं. मग जगभर कळवलं की अमुक पत्त्यावर काहीतरी नवीन पेटलंय, लवकर बघा, असल्या गोष्टी फार दिवस टिकत नाहीत. ते नक्की काय आहे, मेलेला तारा शेजाऱ्याला गिळतोय की अजून काही, हे कळायला साध्या उजेडाच्या मोठ्या दुर्बिणीने त्याचे रंग वेगळे करून पाहावे लागतात. ते काम डोंगरावरच्या काकांचं. काकांच्या डोंगरावर अशी दुर्बीण आहे, आणि तिच्यात उजेड आत घ्यायला एक फट आहे, केसाएवढी बारीक. पत्ता अचूक असेल तरच उजेड त्या फटीतून आत येतो.

सकाळी काकांचा फोन आला. "बाई, मी बघितलं. तिथे काही नाही हो. निव्वळ काळोख."

"नीट बघितलंत ना?" धाकटी म्हणाली.

"आता चाळीस वर्षं काळोख बघतोय मी. काळोख कळतो मला."

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. अजून दोन ठिकाणच्या लोकांनीही पाहिलं, त्यांनाही काही दिसलं नाही. मग लोक हसायला लागले. 'धाकटीचं भूत दिसलं का?' असं एकमेकांना विचारायला लागले. जिन्यात, जेवायच्या टेबलावर, सगळीकडे. धाकटी डबा घेऊन आपल्या खोलीत जेवायला लागली. शेवटी साहेबांनी तिला बोलावलं. ते फार हळू आवाजात बोलत होते. "या आठवड्यात काही सापडलं नाही, तर ते विधान मागे घ्यावं लागेल. तुझ्या नावावर राहील ते. मला वाईट वाटतंय." आमच्या कामात एकदा नसलेली गोष्ट दिसली म्हणून सांगितलं की पुढे खरं सांगितलं तरी लोक आधी तोंडाकडे बघतात.

आणि मी? मित्रांनो, माझी अवस्था विचारू नका. मला ते दिसत होतं! रोज दिसत होतं, आणि रोज थोडं थोडं मंद होत होतं. पण एवढी सगळी डोळस माणसं नाही म्हणतात, तर माझाच डोळा गेला असेल का? आम्हाला मोतीबिंदू होतो का? मी वाटाड्याला विचारलं, तर तो म्हणाला, "मी नेहमीचे तारे बघतो, नव्या लोकांशी माझी ओळख नाही." नसलेलं दिसणं वाईट की असलेलं न दिसणं वाईट, हे मला ठरवता येईना. मी फक्त बघत राहिले. थांबायचा आदेश कोणी दिला नव्हता.

मग एका दुपारी धाकटी चाचणीच्या खोलीत आली. तिला खालचीचे आरसे बघायचे होते, माझ्या डोळ्यात काही बिघाड होऊ शकतो का ते समजून घ्यायला. आत थोरली आधीच काम करत बसलेली. दोघी थबकल्या. परत जावं तर हार मानल्यासारखं होतं. मग धाकटी पुढे आली आणि खालचीला म्हणाली, हो, खालचीला, "ज्यांनी हा कॅमेरा बसवला, त्यांनी स्क्रू घट्ट पिळले होते का, कोणी सांगेल का मला?"

थोरली हातातला चिमटा खाली न ठेवता खालचीलाच म्हणाली, "ज्यांना शंका आहे, त्यांनी वर जाऊन बघून यावं."

खालची सांगते, "अगं, मी मधे! दोघी माझ्याकडे डोळे वटारून बघतायत आणि मी काही केलेलं नाही!"

"हिला सांग," धाकटी म्हणाली, "की माझी अब्रू चाललीय. मी खोटारडी ठरतेय. आणि मी काही कच्चा पत्ता दिला नव्हता. पट्टीचा वाकडेपणा वजा करूनच दिला होता."

थोरलीचा हात थांबला. "तिला विचार, कुठला वाकडेपणा?"

"उन्हाचा. अजून कुठला?"

"तो तर मी वरच काढलाय," थोरली हळूच म्हणाली. "केव्हाच."

धाकटीने मान वळवली आणि कितीतरी दिवसांनी थेट बहिणीकडे बघितलं.

"काय म्हणालीस?"

"मी वर आदेश पाठवलाय, मोहरीएवढं उजवीकडे."

"अगं बाई! मीही उजवीकडेच सरकवलंय!"

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तू सांगितलंस? तू काही सांगतेस का कधी? आईच्या वेळी सांगितलंस?"

थोरलीने चिमटा खाली ठेवला. "मी घाबरले होते गं," ती म्हणाली. "ती फरशीवर पडली होती आणि मला ओळखत नव्हती. मी तुला फोन केला. पुन्हा पुन्हा केला. तू उचलला नाहीस."

धाकटी म्हणाली, "मी डेटा बघत होते. फोनचा आवाज बंद होता. तुझे फोन नंतर पाहिले मी. पाहिले म्हणूनच जास्त राग आला, कोणाचा ते मलाही कळेना."

दोघी रडल्या. खालची म्हणते तीही रडली असती, पण तिच्यावर प्लास्टिक घातलेलं होतं.

इथे गोष्ट संपायला हवी होती, नाही का? पण माझं नशीब बघा. धाकटी डोळे पुसत वरच्या मजल्यावर धावली आणि तिने आपल्या प्रोग्राममधली दुरुस्ती काढून टाकली. आणि तिकडे थोरलीच्या मनात आलं, बिचारीला इतका त्रास झाला, आता तिने का माघार घ्यायची, मीच माझी काढते. तिने लगोलग मला आदेश पाठवला की ते उजवीकडे वगैरे विसर, पहिल्यासारखी बघ. दोघींनी एकमेकींच्या प्रेमापोटी हे केलं. आणि पुन्हा एकमेकींना सांगायचं राहिलं!

आता बोला! मी पुन्हा डावीकडे. धाकटीने नवीन चित्र मागवलं, नवा पत्ता काढला, काकांना कळवला. काका रात्रभर फटीला डोळा लावून बसले. सकाळी त्यांचा फोन आला तेव्हा दोघी बहिणी एकाच टेबलाशी बसल्या होत्या आणि फोन स्पीकरवर होता.

"बाई," काका म्हणाले, आणि एवढा शांत माणूस, पण चिडलाच होता, "आधी उजवीकडचा पत्ता दिलात. आता डावीकडचा दिलात. आता काय मधोमध बघू का मी?"

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"तू काढलीस?" थोरलीने विचारलं.

"हो. तू पण?"

थोरलीने कपाळावर हात मारून घेतला. मग दोघी एकदमच फोनमध्ये ओरडल्या, "हो काका! मधोमध बघा!"

काकांनी मधोमध बघितलं.

या वेळचा फोन फार लहान होता. ते म्हणाले, "आहे. अगदी विझायला आलंय, पण आहे. तुमचं भूत नव्हतं ते." धाकटीने टेबलावर डोकं ठेवलं आणि ती हुंदके देत राहिली. थोरली तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. मग थोरलीने घरी फोन लावला आणि तो धाकटीच्या कानाशी धरला. "आई," धाकटी म्हणाली, "आई, ते होतं गं."

विधान मागे घ्यावं लागलं नाही. साहेबांनी सगळ्यांसमोर तिचं अभिनंदन केलं आणि त्या दिवसापासून मीटिंग एकच ठेवली, कितीही आवाज चढला तरी. माझी दुरुस्ती आता एकच आहे, ती थोरलीची, आणि धाकटीने ती स्वतः तपासून पाहिलीय.

पण मित्रांनो, ते काय होतं, हे कोणालाच कळलं नाही. काकांच्या फटीतून जेमतेम एवढा उजेड आला की ते आहे असं म्हणता यावं. त्याचे रंग वेगळे करण्याइतका उजेड उरला नव्हता. पुढच्या रात्री तर तेही नव्हतं. आमच्या यादीत त्याला एक आकडा मिळाला, आणि ते काय आहे हे जिथे लिहायचं ती जागा कोरी राहिली. धाकटी अजून कधी कधी मला त्या कोपऱ्याकडे वळवायला सांगते आणि थोरली वळवते. मी बघते. तिथे आता काही नाही.

मला सगळं समजलंय असं म्हणणार नाही. सरळ बघूनही चुकता येतं, हे मला अजून पटत नाही. माझी काळजी घ्या असंही सांगत नाही, तुमचा हात इथवर पोचायचा नाही. एवढंच मागते. तुमच्या घरात, वर्गात कोणी रोज एकाच बाजूला चुकत असेल, तर त्याला तिरळा म्हणून हसू नका. कुठे ऊन लागतंय ते बघा आणि तेवढंच वजा करा. आणि कोणाचीही चूक सुधारलीत, तर ती सुधारली म्हणून बाकीच्यांना सांगा. ज्याच्याशी तुमचा अबोला असेल, त्याला सगळ्यात आधी सांगा. राग धरायला पुढे पुष्कळ वेळ असतो, पण समोर पेटलेलं तेवढा वेळ थांबत नाही. मी त्याला विझताना पाहिलंय.